डोहातला म्हातारा: फ्लॅटहेड कॅटफिशबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी फ्लॅटहेड कॅटफिशवर लिहिलं आणि प्रश्न मागवले. तो अंक ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: हा मिसिसिपीच्या खोऱ्यातला, चपट्या डोक्याचा, पिवळट तपकिरी मासा. दिवसा डोहात ओंडक्यांखाली पडून राहतो, रात्री शिकारीला निघतो आणि २० वर्षांहून जास्त जगू शकतो. मी कॅन्सस नदीच्या काठच्या एका गावात राहतो. जंक्शन सिटीपासून कॅन्सस सिटीपर्यंत वाहणाऱ्या या नदीला इथले लोक ‘कॉ’ म्हणतात. गेली २२ वर्षं मे ते ऑक्टोबर मी जमेल त्या रात्री तिच्या काठी गळ टाकून बसतो. खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक तिनेच शिकवलेलं आहे.

प्रश्न: मी टेक्ससमध्ये राहतो. दुकानातून कॅटफिशसाठीचं उग्र वासाचं आमिष आणलं आणि जवळच्या जलाशयावर चार संध्याकाळ बसलो. दर वेळी चॅनल कॅटफिश मिळाले, फ्लॅटहेड एकही नाही. जागा चुकतेय की वेळ?

जागा आणि वेळ नंतर बघू, आधी आमिष बदला. चॅनल कॅटफिश वासाच्या मागे येतो. कुजकं चीज, रक्त, कोंबडीची काळजं, त्याला सगळं चालतं. फ्लॅटहेड लहान असताना पाण्यातले किडे आणि क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव, खातो, पण हातभर लांब झाला की त्याचा जवळजवळ सगळा आहार जिवंत माशांचा. त्याच्या तोंडाची ठेवणच बघा. खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला, डोळे बारीक आणि डोक्याच्या वरच्या बाजूला. तळाशी पडून राहायचं आणि समोरून जाणारा मासा एका घोटात ओढून घ्यायचा, यासाठीच घडलेलं ते तोंड आहे. वासाच्या गोळ्याकडे तो सहसा ढुंकूनही बघत नाही.

जिवंत मासा लावा. माझी पहिली पसंती ग्रीन सनफिश या छोट्या चपट्या माशाला, मग त्याच्याच कुळातल्या ब्लूगिलला, मग बुलहेड या छोट्या कॅटफिशला. ग्रीन सनफिश गळावरही बराच वेळ तरतरीत राहतो. बुलहेड सगळ्यांत चिवट, रात्रभर टिकतो, पण तळाच्या लाकडात घुसून दोरी गुंतवायची त्याला खोड आहे. आकार तुमच्या तळहाताएवढा तरी हवा. त्याहून लहान लावलात तर चॅनल कॅटफिश आणि कासवं रात्रभर चैन पडू देणार नाहीत. स्थिर पाण्यात गळ पाठीच्या पराच्या मागे, कण्याच्या वरच्या मांसातून घाला. कण्याला लागला तर मासा लगेच मरतो. वाहत्या पाण्यात दोन्ही ओठांतून घाला, म्हणजे तो धारेकडे तोंड करून राहील.

यापुढचं नीट वाचा. कोणता मासा आमिष म्हणून चालतो, तो कसा पकडलेला हवा आणि कुठे वापरता येतो, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. तुमच्या राज्याची चालू वर्षाची मासेमारी पुस्तिका उघडून बघा. आणि एका तलावातला जिवंत मासा दुसऱ्या तलावात कधीही नेऊ नका. उरलेले मासे पाण्यात सोडून देणं दयेचं वाटतं, पण नको त्या जाती आणि रोग याच वाटेने पसरतात. मी आमिषाचे मासे ज्या पाण्यात पकडतो त्याच पाण्यात वापरतो.

प्रश्न: हातात आला तो फ्लॅटहेड की दुसरा कुठला, हे अंधारात पटकन कसं ओळखायचं?

शेपटी बघा. चॅनल आणि ब्लू कॅटफिशची शेपटी दुभंगलेली असते, फ्लॅटहेडची जवळजवळ सरळ कापल्यासारखी. डोक्यावरून हात फिरवलात तर ते फावड्यासारखं सपाट लागतं, आणि खरोखरच त्याला काही ठिकाणी ‘शव्हलहेड’ म्हणतात. पोटाखालचा, शेपटीकडचा पर आखूड. लहान असेल तर शेपटीच्या वरच्या टोकाला पांढरा ठिपकाही दिसेल. बुलहेडची शेपटीही फारशी दुभंगलेली नसते, त्यामुळे छोट्या माशात गोंधळ होऊ शकतो. तिथे पुढे आलेला खालचा जबडा ही खूण धरा.

प्रश्न: आमच्याकडे एक मोठी नदी आहे आणि अर्ध्या तासावर धरणाचा जलाशय. माझ्याकडे बोट नाही. कुठे जाऊ आणि तिथे पोचल्यावर नेमका कुठे बसू?

बोट नसेल तर नदीवर जा. जलाशयात मासा कुठेही असू शकतो. नदीत मात्र पाणीच त्याची जागा ठरवून देतं, आणि ती काठावरून वाचता येते.

नदीचं वळण शोधा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार आदळते, तिथे काठ खचतो, झाडं कोसळतात आणि पाण्यात पडून राहतात. त्या झाडांवर पुराने वाहून आणलेले ओंडके अडकत जातात. धार त्या ढिगाखालून आणि बाजूने खणत राहते आणि तिथे डोह तयार होतो. ढीग अधिक डोह, हे फ्लॅटहेडचं घर. नुसता ढीग उथळ पाण्यात असेल तर मी थांबत नाही. पाण्यात नुकतंच पडलेलं एकटं झाडही मला फारसं भरवशाचं वाटत नाही. दोन-तीन पूर खाल्लेला, काळा पडलेला, आतून पोकळ्या असलेला जुना ढीग हवा.

आता बसायचं कुठे? नवखा माणूस नेमका त्या ढिगातच गळ टाकतो आणि एका रात्रीत चार शिशाचे गोळे गमावतो. दिवस असेल तर ढिगाच्या कडेला, धारेच्या वरच्या अंगाला आमिष ठेवा, म्हणजे त्याची हालचाल आत लपलेल्या माशाला कळेल. सूर्य मावळल्यावर मात्र तिथून उठा. डोहाच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला तळ चढत जातो आणि उथळ वाळू लागते. रात्री लहान मासे त्या उथळात येतात आणि त्यांच्या मागे हा येतो. मला मिळालेल्या मोठ्या माशांपैकी निम्म्याहून अधिक चार फुटांपेक्षा कमी पाण्यात मिळाले आहेत. पहिल्यांदा मला हे खरंच वाटलं नव्हतं. त्या रात्री आळसाने एक गळ काठाजवळच, गुडघाभर पाण्यात राहू दिला होता आणि मासा लागला तो त्याच गळाला.

ओढा नदीला मिळतो ती जागा चांगली. मिसूरी नदीवर धार मध्यात राहावी म्हणून काठापासून आत दगडी बांध घातलेले आहेत. त्या बांधांच्या टोकाशी पाणी खोल खड्डा खणतं, तीही जागा उत्तम. पण मिसूरीची धार फार जोरकस असते, तिथे तीन-चार औंसांचं शिसं वाहून जातं.

पाण्याची पातळी बघायची सवय लावा. यूएसजीएस या सरकारी संस्थेची मोजमाप केंद्रं नद्यांवर आहेत आणि त्यांचे आकडे कोणालाही फोनवर बघता येतात. नदी हळूहळू चढत असेल तर मासे काठाकडे, नव्याने बुडालेल्या गवताकडे सरकतात. उतरायला लागली की पुन्हा डोहाकडे. झपाट्याने चढत असेल तर घरी थांबा. एवढ्यासाठी जिवावर बेतायला नको. वाळूच्या दांड्यावर रात्री तंबू ठोकणाऱ्यांनी तर हे आकडे पाहिल्याशिवाय निघूच नये.

जलाशयाचं थोडक्यात सांगतो. धरण होण्याआधी तिथे जी नदी होती तिचं पात्र पाण्याखाली अजून आहे. ते पात्र जिथे वळण घेतं आणि शेजारी उथळ सपाटी असते, ती जागा नकाशावर हेरा. जूनच्या सुरुवातीला धरणाच्या भिंतीच्या दगडांलगत बसा, कारण अंडी घालण्याआधी ते दगडांच्या कपारींकडे येतात. आणि भर उन्हाळ्यात ‘खोल तितकं चांगलं’ हा समज सोडा. तेव्हा बऱ्याच तलावांत पाण्याचे थर पडतात: वर ऊन पाणी, खाली थंड, आणि तळाच्या थरात प्राणवायू जवळजवळ संपलेला. तिथे ठेवलेलं जिवंत आमिष थोड्याच वेळात मरून वर येतं. तसं झालं तर वीस फूट खोल जाण्याऐवजी दहा फुटांवर या.

प्रश्न: मी मासे खाते. तरीही जिवंत मासा गळाला अडकवणं माझ्या हातून होत नाही. याला दुसरा काही मार्ग आहे का, की हा नाद माझ्यासाठी नाही?

तुम्ही हा प्रश्न विचारलात हे मला फार बरं वाटलं. पहिली दोन वर्षं माझ्याही हातून ते झालं नव्हतं. मी शॅड माशाचे ताजे तुकडे लावत होतो. त्या दोन वर्षांत मला फ्लॅटहेड मिळाले, पण मोजकेच आणि तेही मुख्यतः वसंतात, पाणी नुकतं तापायला लागलेलं असताना. तेव्हा मार्ग आहे. मासा त्याच संध्याकाळी पकडलेला, नुकताच मारलेला हवा. फ्रीजमधला किंवा कालचा चालणार नाही. अख्खा मासा लावा किंवा डोक्याकडचा अर्धा भाग लावा आणि एका जागी जास्त वेळ ठेवू नका, कारण त्याचं रक्त आणि रस पाण्यात धुऊन जातात. चॅनल आणि ब्लू कॅटफिश जास्त येतील. येऊ द्यात.

पुढे मी जिवंत आमिषाकडे वळलो. तो मी विचार करून घेतलेला निर्णय आहे, पण तो सगळ्यांनी घ्यावा असं मला अजिबात वाटत नाही. मी काही गोष्टी स्वतःवर बंधनकारक करून घेतल्या आहेत. आमिषासाठी एका रात्रीला सहाच मासे पकडतो. बादलीत हवेचा पंप असतो आणि पाणी थंड ठेवतो. गळावरचा मासा मंदावला की त्याला झटकन मारून तुकडे करून वापरतो, तडफडत ठेवत नाही. उरलेले ब्लूगिल नियमात बसत असतील तर घरी नेऊन खातो, ते चवीला सुरेख लागतात. हेही जमण्यासारखं वाटत नसेल तर ताजे तुकडे घेऊन एप्रिल-मे महिन्यांत बसा. तुमच्या नदीवरच्या इतर कोणाहून तुम्ही कमी ठरणार नाही.

प्रश्न: तुम्ही ६५ पौंडांची दोरी आणि जाड काठी सांगता. पण या माशाचा जागतिक विक्रम हलक्या सामानावर झाला असं मी ऐकलं. मग एवढा खर्च कशासाठी?

ऐकलंत ते खरं आहे. मे १९९८ मध्ये इथेच, कॅन्ससमधल्या एल्क सिटी जलाशयावर केन पॉली यांना १२३ पौंडांचा फ्लॅटहेड मिळाला, म्हणजे जवळपास ५६ किलोंचा. ते बसले होते क्रॅपी नावाच्या छोट्या माशांसाठी, साहजिकच सामानही हलकंच होतं. विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे. त्यांनी तो मासा फार कौशल्याने आणि धीराने काठाला आणला असणार, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण आपण मुद्दाम ओंडक्यांजवळ जाऊन बसतो. तिथे मासा लागला की पहिल्या पाच सेकंदांत तो घरात शिरायला बघतो. तेवढ्या वेळात तुम्ही त्याला थोपवू शकला नाहीत तर दोरी लाकडाला घासून तुटते आणि तोंडात गळ अडकलेला मासा आत राहतो. मला सामान जाड लागतं ते या माशासाठी. दमून अर्धमेला होण्याआधी तो काठाला आला की सोडल्यावर जगण्याची शक्यताही वाढते.

सामान फार लागत नाही. सात ते आठ फुटांची जाड काठी. काठीवर बसवायचं बेटकास्टिंग रील, मासा दोरी ओढू लागला की आवाज करणाऱ्या क्लिकरचं. रीलवर ६५ ते ८० पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी. तिच्यात सरकतं शिसं ओवा, वाहत्या पाण्यासाठी चपटं, म्हणजे गडगडत नाही. मग एक मणी, मग स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी. स्विव्हलपुढे ५० पौंडांची नायलॉनची दोरी, एक वीतभर, त्याहून लांब नको. लांब ठेवलीत तर आमिष लाकडाभोवती तीन फेऱ्या मारून ठेवतं. ही शेवटची दोरी मुख्य दोरीपेक्षा कमजोरच हवी, म्हणजे गळ अडकला तर तिथेच तुटेल आणि नदीत पन्नास फूट दोरी मागे राहणार नाही. तशा सोडून दिलेल्या दोरीत अडकून मेलेलं कासव मी पाहिलं आहे. तेव्हापासून वाळूवर दिसेल ती दोरी मी उचलून घरी आणतो.

प्रश्न: सर्कल हुक वापरतो. काठी वाकते, मी जोरात झटका मारतो आणि हाती काहीच लागत नाही. चार वेळा असं झालं.

झटका मारू नका. सर्कल हुकचं टोक आत वळलेलं असतं. झटक्याने तो तोंडातून तसाच सरकून बाहेर येतो. हळू आणि सलग ताण आला तर मात्र जबड्याच्या कोपऱ्यात येऊन वळतो आणि बसतो. म्हणून काठी स्टँडमध्येच राहू द्या. आधी टोक थरथरेल, तो तुमचा आमिषाचा मासा घाबरलाय. त्याला मोठा मासा जवळ आल्याचं कळतं आणि ती थरथर बघून माझ्या छातीत आजही धडधडतं. मग एक-दोन टपके. त्यानंतर काठी वाकेल आणि वाकलेलीच राहील. तेव्हा ती हातात घ्या आणि नुसतं रील फिरवत राहा. हुक ८/० ते १०/० आकाराचा घ्या आणि त्याचं टोक आमिषाच्या मांसात बुडवू नका, उघडं ठेवा. स्टँड मात्र भक्कम रोवा. माझी एक काठी स्टँडसकट नदीत गेली आहे.

प्रश्न: मी २५ पौंडांचा फ्लॅटहेड सोडला त्याचा फोटो पाठवला तर एका मित्राने अभिनंदन केलं, दुसरा म्हणाला, ‘तू नदीचं नुकसान केलंस.’ मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. कोण बरोबर?

तुमच्या नदीपुरता दुसरा मित्र बरोबर आहे. कॅन्ससमध्ये राहत असता तर पहिला बरोबर ठरला असता. माझ्याकडे आलेल्या पत्रांमध्ये याबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज दिसला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लॅटहेडचं मूळ घर म्हणजे मिसिसिपी, मिसूरी, ओहायो या नद्यांचं प्रचंड खोरं, अलाबामातलं मोबील नदीचं खोरं, आणि रिओ ग्रांदेपासून ईशान्य मेक्सिकोपर्यंतचा पट्टा. या पाण्यात तो हजारो वर्षं आहे. इथले सनफिश, शॅड, ड्रम हे मासे त्याच्यासोबतच घडत आले. शिकारी आणि शिकार यांचा हिशोब जमलेला आहे. अशा नदीतला २५ पौंडांचा मासा म्हणजे अनेक वर्षं पूर, दुष्काळ आणि गळ चुकवून राहिलेला म्हातारा. तो काढलात तर त्याची जागा भरायला तितकीच वर्षं लागतात. म्हणून ‘कॉ’ नदीवर मी दहा पौंडांच्या वरचा मासा ठेवत नाही.

अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांची गोष्ट वेगळी. तिथे हा मासा नव्हता. तुमच्या केप फिअर नदीत १९६६ साली अवघे ११ फ्लॅटहेड सोडण्यात आले, मासेमारीला चांगले म्हणून. त्या अकरांतून पुढे ते नदीभर पसरले आणि तिथल्या मूळच्या बुलहेडची संख्या ढासळली. जॉर्जियात अल्टामाहा नदीतही तेच झालं. तिथला रेडब्रेस्ट सनफिश, ज्याच्यासाठी लोक पिढ्यानपिढ्या नदीवर जात होते, तो विरळ झाला. जॉर्जियातल्याच सटिला नदीवर राज्याच्या वन्यजीव खात्याचे लोक बोटीतून पाण्यात वीज सोडून, भूल आलेले फ्लॅटहेड जाळीने काढून टाकतात. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीत तो शिरला आहे. पश्चिमेला ॲरिझोनात गिला नदीच्या खोऱ्यात तो रेझरबॅक सकर हा दुर्मिळ मासा खातो, ज्याला वाचवण्यासाठी माणसं पिल्लं वाढवून नदीत सोडतात.

त्या नद्यांमधल्या माशांना अशा शिकाऱ्याची सवयच नव्हती. यात फ्लॅटहेडचा दोष नाही. त्याला तिथे नेला माणसाने. पण माझ्या नदीत जो मासा मी दोन्ही हातांनी पाण्यात परत ठेवतो, तोच मासा तुमच्या नदीतून काढून घरी नेणं योग्य आहे, हे मी पुरत्या विचाराने सांगतो. राज्याच्या नियमांत राहून ठेवा, खा, शेजाऱ्यांना द्या. पण पकडलेला फ्लॅटहेड दुसऱ्या नदीत किंवा शेततळ्यात सोडू नका. अशा सोडण्यातूनच हे सगळं सुरू झालं.

आपल्या मूळ पाण्यातला मासा सोडणार असाल तर त्याला नुसतं जबड्याने उभं टांगू नका. एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाखाली. त्याचे दात खरखरीत कागदासारखे असतात, हातमोजा घाला. बाजूच्या परांचे काटे सांभाळा. ओल्या वाळूवर किंवा ओल्या गोणपाटावर गळ काढा, फोटो एकच, आणि मग धारेकडे तोंड करून धरा. तो शेपटी मारून स्वतःच निघेल.

प्रश्न: काका, मी १६ वर्षांचा आहे आणि ओक्लाहोमात राहतो. शाळेतले मित्र हाताने फ्लॅटहेड पकडायला जातात, त्याला नूडलिंग म्हणतात. आई नको म्हणते. तुम्ही तिला सांगाल का?

तुझ्या आईला नाही, तुलाच सांगतो. तुझ्या राज्यात ते कायदेशीर आहे. पॉल्स व्हॅली गावात २००० सालापासून त्याची स्पर्धाही भरते. टेक्ससने २०११ मध्ये परवानगी दिली. माझ्या कॅन्ससमध्ये ठरावीक पाण्यात, उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत, वेगळा परवाना काढून करता येतं. शेजारच्या मिसूरीत मात्र बंदी आहे.

आता ते कसं चालतं बघ. जून-जुलैमध्ये पाणी साधारण ७५ ते ८० अंश फॅरनहाइटला आलं की फ्लॅटहेड कपारीत किंवा पोकळ ओंडक्यात अंडी घालतात. त्यानंतर मादी निघून जाते आणि नर राहतो. तो परांनी अंड्यांवर पाणी ढवळत राहतो, म्हणजे त्यांना प्राणवायू मिळेल आणि गाळ बसणार नाही. जवळ येईल त्याला चावतो. नूडलिंग करणारा त्या कपारीत हात घालतो आणि बापाच्या चाव्यालाच धरून त्याला बाहेर ओढतो. नर गेला की अंड्यांना वाली राहत नाही. थोड्या वेळात सनफिश येऊन ती फस्त करतात.

माझ्या हातून हे एकदा गळाने झालं आहे. तिसऱ्या वर्षीची गोष्ट, जूनचा शेवट. खचलेल्या काठाखालच्या बिळासमोर मी आमिष धरलं आणि ३० पौंडांचा मासा लगेच आला. काळवंडलेलं डोकं, सुकलेलं अंग, ओठांभोवती ताज्या जखमा. मी तो घरी नेला. पुढे वनखात्याच्या एका अधिकाऱ्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, हा राखणीला बसलेला नर. तेव्हापासून जूनचा शेवट आणि जुलैचे पहिले दोन आठवडे मी बिळांजवळ गळ टाकत नाही.

आणि धोकाही आहेच. बिळात कधी कासव असतं, कधी साप. पाण्याखाली हात किंवा बाही अडकून माणसं बुडाली आहेत. तुझे मित्र ज्या मोठ्या माणसांकडून शिकलेत ते सोबत असतील, पाणी छातीच्या वर नसेल, कोणीही एकटं बुडी मारत नसेल आणि मासा बघून लगेच परत बिळात सोडणार असाल, तर आईशी पुन्हा बोलून बघ. तरीही तिने नको म्हटलं तर तिचं ऐक आणि मला पत्र लिही. ऑगस्टमध्ये काठीने कसं पकडायचं ते तुला सगळं सांगेन.

प्रश्न: खायला कसा? मोठा की लहान?

लहान. पाच ते आठ पौंडांचा. कॅटफिशमध्ये चवीला मी याला पहिला नंबर देतो, कारण तो जिवंत मासे खाऊन वाढतो आणि मांस पांढरं, घट्ट असतं. खवले नसतात, कातडी सोलावी लागते. कातडीखालचा लालसर थर आणि पोटाकडची चरबी काढून टाका. मोठे जुने शिकारी मासे पारा साठवतात, चरबीत इतर रसायनंही उतरतात. तुमच्या राज्याचं आरोग्य खातं प्रत्येक नदीसाठी किती खावं याची सूचना देतं, गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी वेगळी. ती आधी वाचा.

प्रश्न: मिनेसोटात हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून फ्लॅटहेड पकडता येईल का?

नाही, आणि ते बरंच आहे. पाणी गार झालं की फ्लॅटहेड एखाद्या खोल डोहात जमतात आणि जवळजवळ निश्चल पडून राहतात. खाणं नावापुरतं. अंगावर गाळ बसलेले मासे एकाला एक लागून पडलेले असतात. अशा वेळी एकच डोह सापडला तर सबंध पट्ट्यातले म्हातारे एका दिवशी संपू शकतात. म्हणून मिनेसोटात डिसेंबर ते मार्च त्यांची मासेमारी बंद असते. एप्रिलपर्यंत थांबा. दोऱ्या बदला, रीलला तेल द्या.

प्रश्न: जिवंत आमिष, रात्रीची वेळ, ओंडक्यांचा डोह, सगळं केलं. सहा रात्री झाल्या, काठी एकदाही वाकली नाही. सोडून देऊ?

सहा रात्री म्हणजे अजून काहीच नाही. माझी वही सांगते: गेल्या वर्षी मी ३१ रात्री बसलो आणि १९ फ्लॅटहेड मिळाले. त्यातले ११ फक्त चार रात्रींत आले. उरलेल्या २७ रात्रींपैकी बऱ्याच रात्री मी कोरडाच परतलो. त्या चार रात्रींपैकी तीन रात्री नदी दिवसाला साधारण सहा इंच चढत होती. चौथी रात्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली, थंडी पडायच्या आधी ते पोट भरून घेतात तेव्हाची.

तुम्ही पत्रात तारखा दिल्यात त्या जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातल्या आहेत. तेव्हा तुमच्याकडचे मासे बहुधा अंड्यांपाशी असणार आणि तुमच्या आमिषाकडे लक्ष देणार नाहीत. तुमची चूक झालेली दिसत नाही. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा जा. त्याच डोहावर जा, पण अंधार पडल्यावर एक गळ डोहात आणि दुसरा वरच्या अंगाच्या उथळ वाळूवर, दोन-अडीच फूट पाण्यात टाका. दर तासाला आमिष तरतरीत आहे का बघा, मंदावलं असेल तर बदला. किती वाजता, किती पाण्यात, नदी चढत होती की उतरत, एवढं लिहून ठेवा आणि तो कागद मला पाठवा. सप्टेंबरच्या अंकात आपण तो डोह मिळून बघू.